कच्चा डाग

"आईला हल्ली काही आठवत नाही," थोरला म्हणाला आणि त्याने काउंटरच्या काचेवर एक पांढरी चकती ठेवली. कोटाच्या बटणाएवढी. "ही हातसाखळीत बसवायची. म्हणजे आई कुठे आहे ते मला फोनवर दिसेल."

सोनारणीने चकती चिमट्यात धरून उजेडात फिरवली. "वरून सोन्याने मढवू?"

"नको. धातूने सिग्नल अडतो. वरची बाजू मोकळी हवी."

"मग खाली सोनं आणि वर दगड बसवते. काळा, चपटा. आत काय आहे ते कुणाला कळायचं नाही."

"उत्तम. आईला काळा शोभतो."

"आणि ही चार्ज कशी करायची? दर खेपेला साखळी काढून..."

"काढायची नाहीच, मावशी." तो हसला. माणूस मोठा गोड हसायचा. "आई झोपली की दगडावर एक पॅड टेकवायचं. झोपेतच होतं. तिला कळतसुद्धा नाही."

आत पॉलिशच्या मोटरवर बसलेल्या सोनारणीच्या नवऱ्याने मान वर केली. "बरी सोय आहे बुवा. आमच्याकडे उलटं. फोन हरवतो आणि तो शोधायला माणूस लागतो."

थोरला त्यावरही हसला.

"फासा कसला करू?" सोनारणीने विचारलं. "फिरकी, की हूक?"

"फिरकी नको, हूक नको. बोटांनी उघडेल असं काहीच नको. हातात घालायची आणि तिथेच डाग द्यायचा. कायमचा."

डाग हा शब्द सोनारांकडे भारी स्वस्त. दोन तुकडे आगीने जोडले की तो डाग. घडवून तयार झालेला दागिनाही डाग. दोन डाग करून ठेवा, म्हणतात. गुराच्या पाठीवर तापल्या सळईने उठवतात तोही डागच, आणि कपड्यावर पडून धुतला तरी जात नाही तोही. सोनारीण दिवसभर हा शब्द बोलायची आणि तिला त्यातला पहिला तेवढा ऐकू यायचा. त्या दिवशी बाकीचेही ऐकू आले. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना शब्दांचा कीस कोण काढतं? "होईल," ती म्हणाली.

तो दुसऱ्या कुणाकडे न जाता तिच्याकडे का आला, ते सांगायला हवं. तिचा बाप सोनार होता. त्याला गादी चालवायला मुलगा हवा होता. मुलगा झालाही, पण तो मोठा होऊन टाय लावून बँकेत बसला आणि बापाच्या काळ्या बोटांची त्याला लाज वाटायला लागली. मग बापाने नाइलाजाने पोरीला बाकासमोर बसवलं. नाइलाजाने शिकवलेलं कधी कधी फार पक्कं बसतं. पोरीने मारही खाल्ला आणि कामही खाल्लं. केसाएवढी तार ओढायची, तिची जाळी विणायची, जाळीच्या प्रत्येक सांध्यावर मोहरीहून बारीक डाग द्यायचा, आणि तो दिसता कामा नये. मोठ्या रस्त्यावरचे काचेचे दुकानवाले तिच्याकडून काम करून घेत, त्यावर स्वतःचा शिक्का मारत आणि दिव्याखाली ठेवत. बाईचा हात हलका असतो, नाजूक काम बाईनेच करावं, असं तोंडभर म्हणत. हात हलका म्हणून मजुरीही हलकी. त्यात तिची पाठ वाकली, डोळे चष्म्याआड गेले, आणि जन्मभर सोनं घडवून स्वतःच्या कानात पितळ राहिलं. नाव मात्र एक झालं. या बाजारात कुणालाही विचारा, हिचा डाग तुटत नाही. सोनं तुटेल, डाग तुटणार नाही.

थोरल्याला तेच हवं होतं.

माप घ्यायला ती त्यांच्या घरी गेली. घर असं की पायपुसणंसुद्धा तिच्या गादीपेक्षा मऊ. म्हातारीची खोली वर, बोळाच्या टोकाला. दाराला कडी होती ती बाहेरून. नवीकोरी, स्क्रू अजून चकाकत होते. सुनेने कडी काढली, सोनारणीला आत सोडलं, "तुमचं चालू द्या," म्हणाली आणि जाताना कडी लावून गेली. चार पावलं जाऊन परत आली, कडी काढली. "सवयीनं हो," म्हणाली. तिला लाजही वाटली थोडी. वाईट बाई नव्हती ती. वाईट कामं करायला नेहमी वाईटच माणसं लागतात असं कुणी सांगितलं?

म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती. सोनारणीला वाटलं, आपल्याला ओळखायची नाही.

"ये गं सोनारणी," म्हातारी म्हणाली. "केस पांढरे कधी करून घेतलेस? महाग पडलं असेल."

सोनारीण दारातच थबकली. "बाई, तुम्हाला म्हणे काही आठवत नाही."

"आठवतं ना. माझ्या कानातल्यांत डावीकडचा मोती तू बारीक बसवला होतास. मी म्हटलं, तर म्हणालीस दोन्ही सारखेच आहेत. होते का?"

"नव्हते."

"मग वेडी कोण, ते ठरव आणि बस."

सोनारीण बसली. तिने मापाची दोरी काढली आणि म्हातारीचा हात मांडीवर घेतला. मनगट वाळक्या काटकीसारखं झालं होतं, पण पंजा रुंद, बोटांची पेरं सुजलेली. या हातातून न उघडता काही निघणार नाही, हे तिला बघताक्षणी कळलं.

"ही साखळी मला शोधायला नाही," म्हातारी खालच्या आवाजात म्हणाली. "मी हरवले तर हे दोघे पेढे..." ती थांबली, दाराकडे पाहिलं. "आनंदाने झोपतील. यांना माझा पत्ता नकोय. तिचा हवाय."

ती म्हणजे लेक. सोनारणीला ठाऊक होतं. तिचे कान टोचून पहिल्या रिंगा सोनारणीनेच घातल्या होत्या. त्या पोरीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं आणि घराण्याचं नाक कापलं गेलं. घराण्याचं नाक ही चीजच अजब. बाप भर जेवणात आईच्या तोंडावर ताट फेकायचा तेव्हा ते जागेवर होतं. धाकट्या भावाने गाडीखाली माणूस घालून वकिलाकडून निस्तरून घेतलं तेव्हाही शाबूत होतं. पोरीने आपल्या मर्जीने दार उघडलं, तेवढ्याने कापलं गेलं. भावांनी त्या लिफ्टवाल्याला एकदा एकटा गाठला होता. तेव्हापासून तो डावा पाय ओढत चालतो. नवरा-बायकोने रातोरात घर सोडलं. नवं घर कुठे आहे, हे आई सोडून कुणाला माहीत नव्हतं.

"दोनदा जाऊन आले," म्हातारी म्हणाली. "बस बदलत, गल्ल्या बदलत. माझे लेक म्हणतात, आई रस्ता चुकते. अगं, चुकत नाही, चुकवते! तर आता ही कडी. आणि आता म्हणतात, आई, साखळी घालून घे, कडी काढतो. कळलं का तुला? शेळी सोडायची आणि आपण मागून चालायचं."

"मग जाऊ नका ना, बाई."

"तिचे दिवस भरलेत." एवढं बोलून म्हातारीने जीभ चावली. शब्द तोंडातून गेल्यावर तिलाही त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला असावा. मग घाईने म्हणाली, "पहिलटकरीण आहे. जवळ कोण? तो लंगडा आणि त्याचे पाने. बाळाचं डोकं दिसलं तर हा तेल घालून फिरवायला जाईल."

दोघी हसल्या. हसू लगेच विझलं.

"मी नाही म्हणून सांगते," सोनारीण म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही म्हणते."

"आणि ते दुसऱ्याकडे जातील. तो पक्का देईल डाग." म्हातारीने मापाची दोरी स्वतःच्याच मनगटावर घट्ट ओढली. "तू दे. कच्चा दे."

असं सोनारणीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दुकानवाल्यांनी कमी सोन्यात काम करायला सांगितलं होतं, पितळ मिसळायला सांगितलं होतं, आणि तिने त्यांना पायरी दाखवली होती. पण कच्चा डाग? जन्मात एकदाही दिला नव्हता. आणि कसा द्यायचा ते मात्र तिला चांगलं ठाऊक होतं, कारण न देण्यासाठीच ते शिकावं लागतं.

"जोडाच्या आत गेरू भरते," ती म्हणाली. "गेरू असला की डाग आत शिरत नाही, वरच्या वर पसरतो. दुधावर साय धरते तसा. बघणाऱ्याला पक्का वाटतो. एक जोराचा हिसका दिला की कडी उघडते."

"मी घालून बघेन ना एकदा? ओढून?"

"तेच नाही करायचं! एकदा उघडली की परत बसणार नाही. घरात हात लावू नका. टाकायची तिथे जाऊनच ओढा. एकदाच."

"भाजीबाजाराच्या मागे कचऱ्याची गाडी उभी असते," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे पोरीसारखे चमकले. "तिच्यात टाकते आणि समोरची बस धरते. फिरू देत माझे राजपुत्र उकिरडे हुंगत."

साखळी सुरेख झाली. सोनारणीला वाईट काम करताच येत नव्हतं, हेच तर दुखणं. चपट्या कड्या, एकीत एक अडकवलेल्या, मधोमध काळा दगड, त्याच्याखाली ती चकती. शेवटची कडी उघडी ठेवली. तिच्या दोन्ही तोंडांना गेरू कालवून बारीक ब्रशने लावला आणि वाळू दिला. नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो बिचारा सज्जन होता, पण त्याच्या पोटात पाणी राहायचं, गोष्ट राहायची नाही.

"ही कुठली रीत?" तो म्हणालाच. "शेवटच्या कडीला माती लावलीस."

"तुमचं पॉलिश झालं ना? मग झालं."

"झालं, मालकीणबाई. दगडात तोंड बघून घ्या. काळं दिसतं तेवढंच."

डाग द्यायला ती गेली तेव्हा खोलीत थोरला होता, सून होती. धाकटा दाराला टेकून उभा, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. टेबल उजेडात ओढलं होतं. सोनारणीने म्हातारीच्या हाताखाली ओलं कातडं घातलं, मनगटावर ओलं फडकं गुंडाळलं. हातातली गॅसबत्ती, डाग पसरवणाऱ्या टाकणखाराची वाटी, चिमटा, पक्कड, डागाचे कण असं सगळं ओळीने मांडलं.

"दुखेल का हो तिला?" सुनेने विचारलं.

"हलली नाही तर नाही," सोनारीण म्हणाली.

"मी कुठली हलते?" म्हातारी म्हणाली. "मला काही आठवतच नाही. हलायचं कसं ते विसरले." धाकटा फिसकन हसला. थोरला हसला नाही. तो सोनारणीच्या हातांकडे बघत होता.

आणि तिथेच ते झालं. तिचे हात तो बघत होता म्हणून ते हात नीट चालायला लागले. बाप बघायचा तसं कुणीतरी बघत होतं. बापाची शिस्त अशी, की जोड मिटवायच्या आधी अंगठा जिभेला लावायचा आणि कडीचं एक तोंड पुसायचं. परत जिभेला लावायचा, दुसरं पुसायचं. घाणीवर डाग बसत नाही. विसरली की पाठीत गज बसायचा. गज खाऊन शिकलेलं डोक्यात राहत नाही, ते हाडात उतरतं. डोकं त्या क्षणी थोरल्याच्या नजरेला तोंड देण्यात गुंतलं होतं. अंगठा आपणहून जिभेकडे गेला, कडीकडे गेला, परत जिभेकडे, परत कडीकडे. पकडीने कडी मिटली. टाकणखार लागला. कण बसला. बत्ती पेटली.

निळ्या ज्योतीचं टोक कडीला टेकलं. कण थरथरला, गोल झाला, आणि एकदम, पाणी वाळूत जिरावं तसा, जोडाच्या आत ओढला गेला. आरपार. कडेला बारीक चकाकती रेघ उठली आणि विझली. असा डाग वर्षातून कधीतरी जमतो. बापाने बघितला असता तर तोंडातून शब्द काढला नसता, नुसती मान हलवली असती.

ज्योत बाजूला घेताना सोनारणीच्या तोंडात मातीची चव आली.

तिने गिळलं. परत आली. ओल्या, गार मातीची. तिने अंगठ्याकडे पाहिलं. तो लाल होता.

"झालं?" थोरल्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "डाग नीट बसला नाही. परत करावा लागेल. कडी उघडून, साफ करून..."

"बघू." थोरला पुढे झाला. कडी निवली आहे की नाही ते त्याने बोटाने चाचपलं, मग साखळी मुठीत धरून हिसका दिला. म्हातारीचा हात खांद्यापर्यंत ओढला गेला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. तिला वाटलं, आता उघडते! उघडली नाही. त्याने परत ओढली, जोर लावून. मनगटावर वळ उठला. कडी तशीच.

"दगड आहे दगड!" तो म्हणाला. "मावशी, तुम्हाला स्वतःचंच काम कळत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

म्हातारीने श्वास सोडला. तिने सोनारणीकडे पाहिलं आणि थोरल्याच्या पाठीआडून एक डोळा बारीक केला. तिला वाटलं होतं, काय सुंदर नाटक केलंस गं! साय असून अशी घट्ट!

"बाई," सोनारीण म्हणाली, "डाग ओला आहे. ओढू नका. आज नको, उद्या नको. मी येऊन बघेपर्यंत बाहेर जाऊ नका."

"नाही गं बाई, मी कशाला ओढू?" म्हातारी गोड आवाजात म्हणाली. "आणि बाहेर तरी कुठं जाऊ? मला रस्ते आठवतात का?"

थोरला सोनारणीला फाटकापर्यंत पोचवायला आला. तिला एक क्षण एकटं सोडलं नाही. निघण्याआधी त्याने दाराची बाहेरची कडी स्क्रू ड्रायव्हरने काढून टाकली, म्हातारीला दिसेल अशी.

म्हातारीकडे फोन नव्हता. त्या घरात निरोप कुणाजवळ द्यायचा? सोनारणीने घरी येऊन तोंड धुतलं, दात घासले, परत धुतलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या तिने करवत आणि जाड कातर पिशवीत घातली. "साखळी टोचते म्हणाल्या बाई, घासून येते," असं नवऱ्याला सांगून निघाली. कडी दाखवायच्या निमित्ताने मनगट हातात घ्यायचं आणि सगळ्यांदेखत कातरायची. पुढचं पुढे. फार तर मारतील. म्हातारीच्या लेकीला नाही ना मारणार?

फाटक उघडं होतं. घराचं दारही उघडं होतं. थोरला जेवणाच्या टेबलाशी बसला होता, फोन साखरेच्या डब्याला टेकवून.

"या मावशी. चहा घ्या."

"बाई कुठे आहेत?"

"हे काय." त्याने फोन तिच्याकडे वळवला. पडद्यावर रस्ते होते, आणि रस्त्यावर निळा ठिपका. "सकाळीच पिशवी घेऊन निघाली. अडवलं नाही आम्ही. धाकटा बाहेर गाडीत बसलाय. ती पोचली की हा निघेल."

सोनारीण उभीच राहिली. ठिपका चालत होता. म्हातारीच्या चालीने, थांबत थांबत. भाजीबाजाराला वळसा घालून तो मागच्या बाजूला गेला आणि थांबला.

थांबला तो हलेना.

"काय करतेय तिथे?" थोरला म्हणाला. "उकिरडा आहे तो."

काय करतेय ते जगात एकट्या सोनारणीला दिसत होतं. सुजलेली पेरं साखळीत घालून म्हातारी ओढत होती. एकदाच ओढा, असं सांगितलं होतं. एकदा ओढून झालं असेल. मग परत. मग साखळी गाडीच्या कडेला अडकवून, अंगाचा भार टाकून. कचऱ्याची गाडी निघून गेली असेल, समोरची बसही. परत या बाई, सोनारीण मनात म्हणत होती. घरी परत या. तशाच या.

ठिपका हलला. बसच्या थांब्याकडे गेला नाही. घराकडेही वळला नाही. एक गल्ली, दुसरी गल्ली, चपलांच्या दुकानांची रांग, पुढे पाण्याची टाकी. ही वळणं सोनारीण रोज चालायची. ठिपका थांबला.

थोरल्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ बघितलं. मग फोनवरून नजर न काढता म्हणाला, "हे तर तुमचं दुकान."

"टोचत असेल साखळी. मी तेच बघायला..."

"तुम्ही तिला बघायला इथे, आणि ती तुम्हाला बघायला तिथे." त्याने हात लांब करून तिची पिशवी ओढली, उघडली. कातर बाहेर काढून टेबलावर ठेवली. हळू, आवाज न करता. "घासायला कातर लागते का हो, मावशी?"

तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता.

"घ्या की. स्पीकर लावा."

तिने लावला. दुकानातली मोटर घरघरत होती, आणि तिच्यावरून नवरा ओरडत होता, "अगं, बाई आल्यात! साखळी काढ म्हणतात! कातर कुठे ठेवलीस? हात बघ त्यांचा, सोलून निघालाय! काय? मोठ्याने बोल, मोटर चालू आहे!"

थोरला तिच्याकडे बघून मान हलवत होता. सांगा, बसवून ठेवा म्हणून.

"मोटरवर धर!" सोनारीण किंचाळली. "पातळ चाक लाव आणि मोटरवर धर साखळी! काप! आणि बाईंना मागच्या दाराने..."

थोरल्याने फोन हिसकावला. पण बंद करायच्या आधी दोघांनी ऐकलं: मोटरचा सूर वर गेला, चिरका झाला, आणि त्याच्यात एक बाई ओरडली.

थोरल्याने आपल्या फोनवरून धाकट्याला दुकानाचा पत्ता सांगितला, चार शब्दांत. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो खुर्चीत नीट बसला. ठिपका जागेवर होता. तो हलत नव्हता याचा अर्थ त्याला एक वाटत होता आणि तिला दुसरा, आणि दोघंही एकाच पडद्याकडे टक लावून होते.

चहावर साय धरली. धाकट्याचा फोन आला. थोरल्याने ऐकून घेतलं.

"साखळी आहे," तो तिला म्हणाला. "चाकावर रक्त आहे. आई नाही. आणि तुमचे यजमान म्हणतात, कोण आई?"

सोनारणीला हसू येणार होतं. पोटात गोष्ट न राहणारा माणूस!

"आता एकच काम राहिलं," थोरला म्हणाला. "पत्ता. तुमच्या दोघींचं एवढं गूळपीठ, तर तुम्हाला सांगितलाच असेल."

"नाही सांगितला."

"मावशी."

"आईशप्पथ नाही रे! तिने सांगितला नाही, मी विचारला नाही!"

हे अगदी खरं होतं. आणि त्याला ते खोटं वाटतंय हे तिला दिसत होतं. तो चिडला नव्हता. चिडलेला माणूस बरा, तो दमतो. हा फक्त थांबला होता. फोन अजून चालू होता, त्याने तो स्पीकरवर टाकला. धाकटा पलीकडे होता, मोटर अजून फिरत होती, आणि चाकाजवळ बसलेल्या सोनारणीच्या नवऱ्याला त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

"धाकट्याला मोठ्याने विचारावं लागेल त्यांना," थोरला म्हणाला. "मोटर बंद करायची की तशीच ठेवायची, तुम्ही सांगा."

"थांब," सोनारीण म्हणाली. "सांगते."

तिने पत्ता सांगितला. म्हातारी ज्या दिशेला गेली नसेल अशी तिला वाटली, त्या दिशेचा. नदीपलीकडचा भाग, गोदामांमागची गल्ली, घराचा नंबर, दुसरा मजला. न अडखळता सांगितला, मध्येच एकदा आठवल्यासारखं करून मजला बदलला सुद्धा. थोरल्याने शब्द न् शब्द फोनमध्ये सांगितला. तो तिच्याकडे बघत होता. त्याला पटलं. चेहऱ्यावर ते गोड हसू आलं.

"बघा, आठवतं की." मग फोनमध्ये म्हणाला, "निघ. आणि ऐक, यजमानांना गाडीत घे बरोबर. हो, त्यांनाच. घर सापडेपर्यंत सोबत असू दे."

"त्यांना कशाला?" सोनारीण ताडकन उठली. "अरे, त्यांना कशाला नेता? त्यांना काही माहीत नाही!"

"तुम्हाला माहीत आहे ना? मग झालं." त्याने चहावरची साय चमच्याने बाजूला केली आणि कप तिच्याकडे सरकवला. "बसा. लांब आहे ते. तासभर तरी लागेल."

ती बसली. फोनमधून मोटर बंद झाल्याचा आवाज आला, मग नवऱ्याचा, एकदम स्पष्ट. तो धाकट्याला विचारत होता, चप्पल घालू का, दुकानाला कुलूप लावू का, लांब जायचंय का. गाडीचं दार लागलं.

नदीपलीकडे गोदामं होती. त्यांच्यामागे गल्ली आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.